स्लॉट मशीन वाचावे कसे: पैसे टाकण्याआधीचा संपूर्ण हिशेब

स्लॉट मशीनसमोर बसणाऱ्या बहुतेकांची नजर एकाच क्रमाने फिरते. आधी वर झळकणारा जॅकपॉटचा आकडा, मग रंगीत पडदा, मग बटण. एका स्पिनला, म्हणजे बटण एकदा दाबायला, नेमके किती पैसे जातात, हे अर्ध्या तासाने शिल्लक पाहिल्यावर कळते आणि पेटेबल, म्हणजे बक्षिसांचे कोष्टक, तर बरेच जण कधीच उघडत नाहीत. हा क्रम उलटा करायचा आहे.

मशीनचे दीर्घकालीन गणित प्रोग्रॅममध्ये आधीच बांधलेले असते. बटण हळू दाबा, जोरात दाबा, पैज वाढवा, त्या गणिताला धक्का लागत नाही. तुमच्या हातात असलेले निर्णय चारच: कोणते मशीन, एका स्पिनला किती, किती वेळ आणि कधी उठायचे. चारही पहिल्या स्पिनच्या आधी घ्यायचे असतात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, मधली गाळू नका.

## तयारी

तुम्ही जिथे आहात तिथे हा खेळ कायदेशीर आहे का आणि वयाची अट काय, हे आधी पाहा. ऑनलाइन खेळाचे आणि प्रत्यक्ष कॅसिनोचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात. एकाला परवानगी आहे म्हणून दुसऱ्यालाही असेल, असे धरून चालू नका.

कागद, पेन आणि फोनवरचे कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. डेमो मिळत असेल, तर पहिला अर्धा तास त्यातच घालवा, तोही जिंकण्यासाठी नव्हे तर पडदे उघडून वाचण्यासाठी.

तपासा: खेळायला काढलेली रक्कम आज पूर्ण गेली तर भाडे, हप्ता, औषधे, फी यांतले काही अडेल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘बहुतेक नाही’ असे असेल, तर पुढच्या पायऱ्या फक्त माहिती म्हणून वाचा.

## पायरी १: बटण दाबल्यावर काय होते ते समजून घ्या

मशीनच्या आत आरएनजी, म्हणजे यादृच्छिक संख्या तयार करणारा प्रोग्रॅम, सतत चालू असतो. कोणी खेळत नसले तरी तो संख्या काढत राहतो. तुम्ही बटण दाबता त्या क्षणीची संख्या उचलली जाते, त्या संख्येवरून प्रत्येक रीळ, म्हणजे चिन्हांची फिरणारी पट्टी, कुठे थांबणार हे ठरते आणि मग रिळे फिरू लागतात. फिरणारी रिळे निकाल ठरवत नाहीत, ठरलेला निकाल दाखवतात.

एवढे डोक्यात पक्के बसले की अर्धे गैरसमज आपोआप गळून पडतात. रीळ मध्येच थांबवायला पुन्हा बटण दाबले, तर नेहमीच्या स्लॉटमध्ये फक्त वेळ वाचतो, निकाल तोच राहतो. तुम्ही उठल्यावर दुसऱ्याला लगेच जॅकपॉट लागला, तर ‘तो माझा होता’ हेही खरे नाही. तुम्ही बसून राहिला असता, तरी तुमचे बटण नेमके त्याच क्षणी दाबले गेले नसते आणि संख्या वेगळी आली असती.

प्रत्येक स्पिन आधीच्या स्पिनपासून स्वतंत्र असतो. मशीनला मागचे काही आठवत नाही. त्यामुळे ‘बराच वेळ काही दिले नाही, आता देईल’ आणि ‘आत्ताच दिले, आता देणार नाही’ या दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या. तापलेले मशीन, थंड मशीन हे मागच्या निकालांचे वर्णन आहे. पुढच्या निकालाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आता आभासी रीळ. जुन्या यांत्रिक रिळावर साधारण २२ थांबे असायचे. तीन रिळे धरली तर २२ × २२ × २२, म्हणजे १०,६४८ जोड्या. प्रत्येक रिळावर जॅकपॉटचे चिन्ह एकदाच असेल, तर शक्यता १०,६४८ मध्ये १. पैजेच्या तेवढ्या पटींहून मोठा जॅकपॉट द्यायला मशीनला परवडत नसे. इंगे टेलनेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या पेटंटने ही मर्यादा काढली. दिसायला रीळ तेच २२ थांब्यांचे, पण प्रोग्रॅममधले रीळ ६४ किंवा त्याहून जास्त थांब्यांचे. त्या ६४ पैकी एकच जॅकपॉटच्या चिन्हाकडे नेतो, उरलेले रिकाम्या जागांकडे आणि हलक्या चिन्हांकडे. तीन रिळांवर शक्यता होते २,६२,१४४ मध्ये १. काचेमागचे रीळ मात्र तसेच दिसते.

सावधान: रिळावर एखादे चिन्ह किती वेळा दिसते ते मोजून शक्यता काढू नका. व्हिडिओ स्लॉटमध्ये तर रीळ म्हणजे निव्वळ चित्र, चिन्हाचे वजन, म्हणजे ते येण्याची शक्यता, आतल्या कोष्टकात असते.

अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींच्या कॅसिनोंमध्ये ‘क्लास २’ नावाची मशीन्स असतात. त्यांचा निकाल आतल्या आत चालणाऱ्या बिंगोच्या सोडतीतून येतो, रिळे फक्त करमणुकीपुरती. पडद्याच्या कोपऱ्यात छोटे बिंगो कार्ड दिसले की समजावे.

## पायरी २: एका स्पिनची खरी पैज काढा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि पैशाने सर्वांत महागही इथल्याच. म्हणून इथे घाई नको.

आधी चार शब्द. डिनॉमिनेशन म्हणजे एका क्रेडिटची किंमत. क्रेडिट म्हणजे मशीनमधले चलन, तुमच्या पैशाचे मशीन क्रेडिटमध्ये रूपांतर करते. पेलाइन म्हणजे रिळांवरून जाणारी रेषा, जिच्यावर ठरावीक चिन्हे जुळली की पैसे मिळतात. टोटल बेट म्हणजे एका स्पिनला प्रत्यक्ष कापली जाणारी रक्कम. सूत्र असे:

क्रेडिटची किंमत × लाइनची संख्या × प्रत्येक लाइनवरची क्रेडिट्स = एका स्पिनची पैज

‘पेनी स्लॉट’ या नावाने भले भले फसतात. क्रेडिट १ सेंटचे असते, हे खरे. पण ५० लाइन सक्तीच्या असतील, तर एका स्पिनला ५० सेंट जातात. शेजारच्या २५ सेंटच्या साध्या तीन रिळांच्या मशीनवर एकच क्रेडिट लावले, तर २५ सेंट. स्वस्त वाटणारे मशीन दुप्पट महाग निघाले. त्यातही पेनी मशीन्सचा परतावा जास्त डिनॉमिनेशनच्या मशीन्सपेक्षा साधारणपणे कमी ठेवलेला असतो, म्हणजे फटका दोन्ही बाजूंनी.

काही खेळांत लाइन नसतातच, ‘वेज’ असतात. शेजारशेजारच्या रिळांवर तेच चिन्ह कुठल्याही ओळीत आले तरी चालते. ५ रिळे आणि प्रत्येकी ३ ओळी असतील, तर ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३ मार्ग. ४ ओळी असतील तर १,०२४. मेगावेज प्रकारात प्रत्येक स्पिनला ओळींची संख्या बदलते. सहा रिळांवर प्रत्येकी सात ओळी आल्या की १,१७,६४९ मार्ग होतात. आकडा मोठा आहे म्हणून शक्यता मोठी झाली असे मात्र नाही, कारण त्या प्रमाणात प्रत्येक जुळणीचे बक्षीस कमी केलेले असते.

तपासा: पडद्यावरची शिल्लक क्रेडिटमध्ये आहे की पैशांत? बऱ्याच मशीन्सवर त्या आकड्याला स्पर्श केला की तो बदलतो. शिल्लक कायम पैशांतच दिसू द्या. ‘२,००० क्रेडिट’ पाहून हात सैल सुटतो, ‘२० डॉलर’ पाहून सुटत नाही.

नेहमीची चूक: स्पिनच्या बटणाशेजारी असलेले ‘मॅक्स बेट’ चुकून दाबणे. काही मशीन्सवर ते दाबताच पैजही वाढते आणि स्पिनही सुरू होतो. बोट ठेवण्याआधी दोन्ही बटणे कुठे आहेत ते पाहून घ्या.

## पायरी ३: पेटेबल उघडा आणि या क्रमाने वाचा

पेटेबल म्हणजे कोणत्या जुळणीला किती मिळते याचे कोष्टक. जुन्या मशीनवर ते काचेवर छापलेले असते, नव्यावर ‘आय’ किंवा ‘हेल्प’च्या बटणामागे असते. वाचायला पाच मिनिटे पुरतात.

आधी बक्षिसे कशाच्या पटीत आहेत ते बघा, लाइनवरच्या पैजेच्या की एकूण पैजेच्या? ‘५०० पट’ हे लाइनवरच्या पैजेवर असेल आणि ५० लाइन असतील, तर एकूण पैजेच्या फक्त १० पट झाले. एवढी एक ओळ वाचली, तरी बऱ्याच जाहिरातींची हवा निघते.

मग सर्वांत लहान बक्षीस बघा. ते एकूण पैजेपेक्षा कमी असेल, तर पुष्कळ ‘विजय’ प्रत्यक्षात तोटेच असणार. याबद्दल पायरी ९ मध्ये.

त्यानंतर विशेष चिन्हे. वाइल्ड दुसऱ्या चिन्हाच्या जागी चालते, पण सहसा स्कॅटर आणि बोनसच्या जागी चालत नाही. स्कॅटर लाइनवर असण्याची गरज नसते, पडद्यावर कुठेही ठरावीक संख्येने आले की फ्री स्पिन किंवा बक्षीस मिळते. मल्टिप्लायर बक्षिसाला गुणतो. कॅस्केडमध्ये जुळलेली चिन्हे नाहीशी होऊन वरची खाली पडतात आणि त्याच पैजेत पुन्हा जुळणी होऊ शकते. होल्ड अँड स्पिनमध्ये विशिष्ट चिन्हे जागेवर धरून बाकीच्या जागा पुन्हा फिरवल्या जातात.

शेवटी बारीक अक्षरे. ‘मालफंक्शन व्हॉइड्स ऑल पेज अँड प्लेज’ अशा अर्थाची ओळ जवळपास प्रत्येक मशीनवर असते. यंत्रात बिघाड झाल्याचे सिद्ध झाले, तर पडद्यावर दिसलेले बक्षीस रद्द. जॅकपॉटसाठी किमान किंवा कमाल पैज लागते का, तेही इथेच लिहिलेले असते.

बोनसमधल्या ‘एक पेटी निवडा’ खेळाबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. काही मशीन्समध्ये तुमची निवड खरोखर मोजली जाते, काहींमध्ये रक्कम आधीच ठरलेली असते आणि कोणतीही पेटी उघडली तरी तेवढीच निघते. बाहेरून फरक कळत नाही, म्हणून पेट्यांचे क्रमांक टिपून ठेवण्यात वेळ घालवू नका.

## पायरी ४: एक छोटे मशीन कागदावर सोडवा

ही पायरी गाळण्याचा मोह होईल. गाळू नका. आरटीपी, हिट फ्रिक्वेन्सी, हाउस एज हे शब्द वाचून जितके कळत नाहीत, तितके एकदा स्वतः गणित केल्यावर कळतात.

तीन रिळे घ्या. प्रत्येकावर १० थांबे: सात १, घंटा २, चेरी ३, रिकामे ४. सगळे थांबे समान शक्यतेचे. एकूण जोड्या १०,०००? नाही, १० × १० × १० = १,०००. एका स्पिनला १ क्रेडिट. बक्षिसे अशी:

- तीन सात: जोडी १, बक्षीस ३००. एकूण ३००.
- तीन घंटा: २ × २ × २ = ८ जोड्या, बक्षीस २५. एकूण २००.
- तीन चेरी: ३ × ३ × ३ = २७ जोड्या, बक्षीस १०. एकूण २७०.
- पहिल्या दोन रिळांवर चेरी, तिसऱ्यावर नाही: ३ × ३ × ७ = ६३ जोड्या, बक्षीस २. एकूण १२६.

बेरीज ८९६. म्हणजे सगळ्या १,००० जोड्या एकेकदा आल्या, तर १,००० क्रेडिट जातात आणि ८९६ परत येतात. आरटीपी, म्हणजे खेळाडूंकडे परत जाणारा वाटा, ८९.६ टक्के. उरलेले १०.४ टक्के ही हाउस एज, म्हणजे कॅसिनोचा वाटा. काहीतरी देणाऱ्या जोड्या १ + ८ + २७ + ६३ = ९९, म्हणून हिट फ्रिक्वेन्सी ९.९ टक्के, साधारण दहा स्पिनमध्ये एकदा.

आता याच कागदावर आणखी तीन प्रश्न सोडवा.

पहिला: जॅकपॉट लागला नाही तर? ८९६ पैकी ३०० एकट्या तीन सातांचे आहेत. ते वजा केले तर ५९६ उरतात. म्हणजे ज्याला त्या बैठकीत जॅकपॉट लागला नाही, तो प्रत्यक्षात ५९.६ टक्क्यांच्या मशीनवर बसला होता. बहुतेक बैठका अशाच असतात. हजार स्पिन खेळूनही हा जॅकपॉट एकदाही न लागण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के आहे. ‘हजारात एक’ म्हणजे ‘हजार झाले की एक नक्की’ असे नव्हे.

दुसरा: मशीन बदलल्याचे बाहेरून कळेल का? तीन चेरींचे बक्षीस १० ऐवजी ८ करा. २७ × २ = ५४ कमी झाले, आरटीपी ८४.२ टक्क्यांवर आला. रिळे तीच, चित्रे तीच, हिट फ्रिक्वेन्सीसुद्धा तीच. फरक फक्त पेटेबलमधल्या एका आकड्यात. म्हणूनच सारख्या दिसणाऱ्या दोन मशीन्सची पेटेबल्स शेजारी ठेवून वाचायची.

तिसरा: ‘थोडक्यात हुकले’ किती वेळा वाटेल? काचेतून प्रत्येक रिळाच्या तीन ओळी दिसतात, लाइन मधली. सात हे चिन्ह मधल्या, वरच्या किंवा खालच्या ओळीत दिसायला १० पैकी ३ थांबे पुरतात. तिन्ही रिळांवर सात डोळ्यांना दिसेल अशा जोड्या ३ × ३ × ३ = २७. त्यांतली एकच जॅकपॉटची. उरलेल्या २६ वेळा तिन्ही सात समोर असतील, पण तिन्ही मधल्या लाइनवर नाहीत. यात कोणी फसवले नाही, गणितच तसे आहे. आभासी रिळात जॅकपॉटलगतच्या रिकाम्या जागांना जास्त वजन देता येते, मग हे प्रमाण आणखी वाढते. हुकलेला स्पिन हा हरलेलाच स्पिन असतो, त्यातून ‘जवळ आलो’ असा काही अर्थ निघत नाही.

तपासा: वरची बेरीज न बघता पुन्हा मांडून ८९६ येते का? आली तर पुढे चला.

## पायरी ५: आरटीपी शोधा आणि नीट वाचा

ऑनलाइन खेळात तो हेल्पच्या पानावर, बहुधा शेवटी असतो. कॅसिनोतल्या मशीनवर तो बऱ्याचदा लिहिलेला नसतो, तेव्हा तिथल्या नियामकाची किमान मर्यादा पाहावी लागते. अमेरिकेतल्या नेवाडात ती ७५ टक्के, न्यू जर्सीत ८३ टक्के. ही कायद्याची तळरेषा आहे, प्रत्यक्ष परतावा सहसा तिच्या वर असतो.

खेळ बनवणारी कंपनी एकच खेळ अनेक आरटीपींमध्ये देऊ शकते, समजा ९६, ९४ आणि ९२, आणि त्यातला कोणता लावायचा ते चालवणारा ठरवतो. म्हणून दुसरीकडे वाचलेला आकडा धरू नका, तुमच्यासमोर उघडलेल्या खेळातलाच बघा.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की ९२ टक्के म्हणजे १०० घेऊन बसलो तर ९२ घेऊन उठू. आरटीपी तुमच्या खिशावर लागू होत नाही, लावलेल्या प्रत्येक पैजेवर होतो. १०० लावले, सरासरीने ९२ आले. तेच ९२ पुन्हा लावले, ८४.६४ उरले. असे दहा फेऱ्यांनी साधारण ४३. एकूण लावलेल्या रकमेला कॉइन-इन म्हणतात. खिशातले शंभरच पुन्हा पुन्हा फिरून कॉइन-इन कित्येक पट होते आणि हाउस एज प्रत्येक फेरीत कापली जाते.

## पायरी ६: व्होलॅटिलिटी ओळखा

दोन मशीन्स घ्या, दोन्हींचा आरटीपी ९० टक्के. पहिले १०० पैकी ४५ स्पिनना दुप्पट देते, बाकी काही नाही. दुसरे हजारात एकदा ९०० पट देते, बाकी काही नाही. दीर्घकाळात दोन्ही सारखीच, पण शंभर स्पिनच्या बैठकीत पहिल्यावर पैसे हळूहळू झिजतील आणि दुसऱ्यावर बहुतेकांचे सगळे जातील. हा फरक म्हणजे व्होलॅटिलिटी. ऑनलाइन खेळात ती ‘लो, मीडियम, हाय’ अशी लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर पेटेबल बघा. सगळ्यांत वरचे बक्षीस अवाढव्य आणि मधली बक्षिसे किरकोळ असतील, तर व्होलॅटिलिटी जास्त.

जवळ पैसे थोडे असतील, तर जास्त व्होलॅटिलिटीचे मशीन टाळा. ‘डबल-अप’ किंवा ‘गॅम्बल’चे बटणही व्होलॅटिलिटी वाढवते. मिळालेले बक्षीस पुन्हा पणाला लागते आणि निम्म्या वेळा शून्य होते.

## पायरी ७: जॅकपॉटचा प्रकार बघा

फिक्स्ड जॅकपॉट ठरलेल्या रकमेचा. प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट प्रत्येक पैजेतला छोटा वाटा जमा होऊन वाढतो. तो एकाच मशीनपुरता असू शकतो, एका कॅसिनोतल्या अनेक मशीन्सचा मिळून किंवा अनेक कॅसिनोंमध्ये पसरलेला. लास वेगासमध्ये २००३ साली मेगाबक्स नावाच्या स्लॉटवर लागलेला सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचा जॅकपॉट या शेवटच्या प्रकारचा. जाळे जेवढे मोठे, तेवढी शक्यता लहान, आणि जॅकपॉटकडे वळवलेला वाटा नेहमीच्या बक्षिसांतून आलेला असतो. म्हणजे जॅकपॉट न लागणाऱ्यांसाठी असे मशीन जास्त कोरडे.

सावधान: जॅकपॉटसाठी ठरावीक पैज लागत असेल आणि ती तुम्हाला परवडत नसेल, तर पैज कमी करून त्याच मशीनवर बसू नका. जमा होणाऱ्या वाट्याचे पैसे तुम्ही द्याल आणि जॅकपॉटचा हक्क मात्र नसेल. दुसरे मशीन बघा.

## पायरी ८: तासाचा खर्च काढा, मग मर्यादा लिहा

सूत्र सोपे आहे: एका स्पिनची पैज × तासातले स्पिन × हाउस एज.

तासाला ६०० स्पिन सहज होतात. ५० सेंटची पैज, हाउस एज १० टक्के: ०.५० × ६०० × ०.१० = ३० डॉलर तासाला. २५ सेंटचे मशीन, हाउस एज ८ टक्के: १२ डॉलर. हे सरासरी आहेत, प्रत्यक्षात एखादा तास बराच चांगला जाईल, पुष्कळ तास याहून वाईट. पण खेळाची किंमत म्हणून हाच आकडा धरायचा.

सूत्रात पटकन बदलता येण्यासारखी गोष्ट म्हणजे वेग. टर्बो (जलद स्पिन) आणि ऑटोप्ले (आपोआप होणारे स्पिन) बंद ठेवले आणि दोन स्पिनमध्ये थोडा श्वास घेतला, तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो. वेगाचा धोका एवढा खरा आहे, की ब्रिटनमध्ये २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा एक स्पिन किमान २.५ सेकंदांचा असावा लागतो आणि ऑटोप्लेवर बंदी आहे.

आता कागदावर तीन ओळी लिहा: जास्तीत जास्त तोटा, जास्तीत जास्त वेळ, आणि किती जिंकल्यावर उठायचे. तोट्याएवढीच रोख जवळ ठेवा, कार्ड दुसरीकडे. ऑनलाइन असाल तर खात्यातच डिपॉझिट लिमिट लावा.

नेहमीची चूक: मर्यादा मनात ठरवणे. मनातली मर्यादा हरताना सरकते. कागदावरचा आकडा खोडावा लागतो आणि खोडताना हात थबकतो.

## पायरी ९: खेळताना कशावर नजर ठेवायची

शिल्लक बघा, संगीत ऐकू नका. २० लाइनवर २० क्रेडिट लावले, ५ मिळाले, दिवे लागले, नाणी खळखळली. पडदा ‘विन ५’ म्हणतो, तुमचे १५ गेलेले असतात. याला विजयाच्या वेशातला तोटा म्हणतात आणि जास्त लाइनच्या खेळांत तो फार वेळा येतो. दर वेळी ‘विन’मधून एकूण पैज वजा करून मनात आकडा म्हणा.

पैज वाढवून तोटा भरून काढायचा विचार आला, की ती उठायची वेळ. दुप्पट पैजेवर हाउस एज तेवढीच राहते, तोटा मात्र दुप्पट वेगाने होतो. कॅसिनोचे सदस्य-कार्ड मशीनमध्ये घातले किंवा काढले, त्याने आरएनजीवर परिणाम होत नाही. कार्डावरचे गुण कॉइन-इनवर मोजले जातात, म्हणून गुणांसाठी जास्त खेळणे हा उलटा व्यवहार.

## ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी जास्तीच्या दोन तपासण्या

परवाना कोणाचा आहे आणि खेळ स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासला आहे का, ते बघा. गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल आणि ई-कॉग्रा ही त्यातली नेहमी दिसणारी नावे. पानावर नुसते बोधचिन्ह असणे पुरेसे नाही, परवान्याचा क्रमांक नियामकाच्या यादीत सापडला पाहिजे. खोट्या नाण्यांच्या करमणूक अॅपवर मिळालेल्या यशावरून खऱ्या खेळाचा अंदाज बांधू नका, पैशाच्या खेळाचे नियम त्यांना सहसा लागू नसतात.

दुसरी तपासणी बोनसची. ‘१०० चा बोनस, ३५ पट वेजरिंग’ म्हणजे पैसे काढण्याआधी ३,५०० च्या पैजा लावायच्या. हाउस एज ४ टक्के धरली, तर सरासरी तोटा १४०. शंभराच्या भेटीसाठी एकशे चाळीसचा खर्च. पट जास्त असेल, तर बोनस नको म्हणून सांगता येतो, आणि तो नाकारणेच बहुधा फायद्याचे.

## पायरी १०: उठतानाचा क्रम

१. ‘कॅश आउट’ दाबा आणि शिल्लक रकमेचे तिकीट बाहेर येईपर्यंत जागा सोडू नका. 
२. तिकिटावरची रक्कम पडद्यावरच्या शेवटच्या शिल्लकेशी जुळवा. 
३. तिकिटाची मुदत वाचा आणि त्याच दिवशी पैसे घ्या. दुसऱ्या मशीनमध्ये घालायला ते फार सोयीचे असते, तो मोह इथेच तोडा. 
४. रक्कम मोठी असेल तर मशीन लॉक होते आणि कर्मचारी येऊन हाताने पैसे देतो. तो येईपर्यंत बटणांना हात लावू नका, मशीनपासून दूर जाऊ नका. पैशांबरोबर पावतीही घ्या. 
५. सदस्य-कार्ड काढून घ्या. 
६. कागदावर दोन आकडे लिहा: एकूण घातले किती, एकूण परत आले किती. फरक मागच्या वेळच्या फरकात मिळवा.

पायरी ८ मध्ये काढलेल्या तासाच्या खर्चाला आतापर्यंत ठरवलेल्या एकूण तासांनी गुणा आणि ही बेरीज दर वेळी त्या आकड्याशेजारी मांडा. ती सतत त्याच्या पुढे धावत असेल, तर बहुधा पैज चुकीची मोजली गेली आहे किंवा ठरवल्यापेक्षा जास्त वेळ बसणे होते आहे. दोन्ही कागदावरून तपासता येते. आणि ठरवूनही उठता येत नसेल, तर कॅसिनो आणि परवानाधारक संकेतस्थळांवर ‘सेल्फ एक्स्क्लूजन’चा अर्ज असतो. तो भरला की ठरावीक मुदतीपर्यंत तुम्हाला प्रवेश मिळत नाही. अर्ज भरताना घरातल्या एका माणसाला सोबत घ्या आणि मुदत सर्वांत लांबची निवडा.